मागच्या तारखेची चिठ्ठी

आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक आणलेल्या पोराच्या ई-मेलवर नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं, पत्र येतं. पत्र इंग्रजीत असतं, आणि त्यात अशा एका औषधाचं नाव असतं जे घरात कोणी कधी ऐकलेलं नसतं. त्या संध्याकाळी घरातून साधारण तीन फोन जातात. पहिला वस्तादांना किंवा कोच सरांना, "सर, हे काय आलंय?" दुसरा ओळखीच्या नगरसेवकाला नाहीतर आमदारांच्या पीएला, "दादा, दिल्लीत आपलं कोणी आहे का?" तिसरा फॅमिली डॉक्टरांना, "डॉक्टर, याला मध्ये खोकला झाला होता, आठवतंय ना? त्याची एक चिठ्ठी द्याल का? तारीख तेवढी मागची टाका."

पहिल्या फोननं लगेच काही बिघडत नाही. दुसऱ्यानं दिवस वाया जातात. तिसऱ्यानं मात्र पोराची चार वर्षं जाऊ शकतात, आणि तीही मूळ शिक्षेच्या वर.

जागतिक डोपिंगविरोधी संहितेत खेळाडूला मदत करणाऱ्या माणसांची व्याख्या आहे. त्यात कोच, ट्रेनर, मॅनेजर, डॉक्टर यांच्या बरोबरीनं 'पालक' हा शब्द सरळ लिहिलेला आहे. त्यामुळे खेळाच्या तयारीत हात असलेले आई-बाबा प्रेक्षकांत बसलेले नसतात, ते नियमाच्या आत उभे असतात. खोटा कागद दाखल करणं, साक्षीदाराला पढवून पाठवणं याला संहितेत टॅम्परिंग म्हणतात आणि त्याची नेहमीची बंदी ४ वर्षांची आहे. २०२१ पासून लागू असलेल्या संहितेत आणखी एक कलम आहे, जे पालकांना कोणी सांगत नाही. चौकशी चालू असताना टॅम्परिंग केलं तर तो वेगळा गुन्हा धरला जातो आणि त्याची बंदी मूळ बंदी संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकदम भोगून मोकळं होता येत नाही. मूळ प्रकरण खोकल्याच्या औषधाचं असेल तर ते काही महिन्यांत मिटलं असतं. चिठ्ठीपायी ते चार वर्षांच्या पुढे जातं. चिठ्ठी मागणारे बाबा आणि लिहून देणारे डॉक्टर दोघंही 'साथ देणं' या कलमात येऊ शकतात. तिथं बंदी २ वर्षांपासून आजन्मापर्यंत आहे.

बनावट चिठ्ठी पकडली जाते ती अगदी साध्या गोष्टींनी. केसपेपर नसतो, ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नोंद नसते, मेडिकलचं बिल नसतं, औषधाच्या डोसाचा लघवीत सापडलेल्या प्रमाणाशी मेळ बसत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सॅम्पल दिलं त्या दिवशी पोरानं स्वतःच्या हातानं फॉर्मवर 'कोणतंही औषध घेतलं नाही' असं लिहून सही केलेली असते.

त्या फॉर्मकडे येतोच, पण आधी खऱ्या चिठ्ठीबद्दल. चिठ्ठी खरी असेल तर ती सोन्यासारखी आहे. दमा, ॲलर्जी, ऑपरेशन अशा कारणानं बंदी असलेलं औषध घ्यावं लागलं तर उपचारासाठीची सूट मागता येते. तिला टीयूई म्हणतात. मोठ्या खेळाडूंना ती आधी घ्यावी लागते. पण जो राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीचा खेळाडू धरला जात नाही, त्याला सॅम्पल दिल्यानंतरही अर्ज करू द्यावाच लागतो. कॉलेजातली बरीच मुलं या गटात बसतात आणि बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं. अर्जाला निदान, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधाचं नाव, डोस, किती दिवस दिलं, आणि बंदी नसलेलं दुसरं औषध का चाललं नसतं हे डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. यातलं जे आहे ते द्या. जे नाही ते नाही म्हणा.

दिल्लीत कोणी असून उपयोग का नाही तेही ऐका. लघवीच्या बाटल्या प्रयोगशाळेत जातात त्या नुसत्या कोड नंबरावर, तिथं नाव जात नाही. रिपोर्टची एक प्रत वाडाला, म्हणजे जागतिक संस्थेला, जाते. इथल्या पॅनेलनं, म्हणजे सुनावणी घेणाऱ्या मंडळानं, दया दाखवून सोडलं तरी वाडाला त्यावर अपील करता येतं. नरसिंग यादवचं २०१६ सालचं प्रकरण महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ असायला हवं. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिंपिकचं तिकीट हातात, आणि सॅम्पलमध्ये मेथँडिएनोन हे स्टेरॉइड. कोणीतरी खाण्यापिण्यात कालवलं, असं म्हणणं होतं. १ ऑगस्टला नाडाच्या पॅनेलनं ते मान्य केलं, सगळीकडे पेढे वाटले गेले. वाडा आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच ४ वर्षांची बंदी आली. कालवल्याचा ठोस पुरावा नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. ज्याच्या पाठीशी कुस्ती संघटना आणि माध्यमं होती त्याचं हे झालं. आमदारांच्या पीएचा फोन कुठे पोचणार?

एक गोष्ट मात्र पहिल्याच रात्री घरात मोठ्यानं सांगा, कारण आई तिच्यामुळेच झोपलेली नसते. डोपिंगमध्ये सापडणं हा खेळाडूसाठी फौजदारी गुन्हा नाही. २०२२ च्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायद्यातही खेळाडूला तुरुंग नाही. पोलीस घरी येणार नाहीत, पासपोर्टच्या पडताळणीत 'केस' निघणार नाही. अपवाद होस्टेलच्या खोलीतल्या गांजाचा. तिथं अमली पदार्थांचा कायदा वेगळा लागतो आणि तो विषय वकिलाचा.

आता कामाला लागा. सुरुवात ई-मेलपासून करायची. सॅम्पल देताना फॉर्मवर जो ई-मेल लिहिला त्याच पत्त्यावर पत्र येतं. कॉलेजच्या पोरांचा तो पत्ता बहुतेक वेळा कोचचा असतो, किंवा अकरावीच्या ॲडमिशनला सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेला, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. त्यामुळे पत्र येऊन दहा दिवस झालेले असतात आणि घरी कळतं ते संघटनेकडून, नाहीतर मित्राच्या व्हॉट्सॲपवर. मुदत पत्र मिळाल्यापासून चालू होते, तुम्हाला कळल्यापासून नाही. मेल उघडा, स्पॅम बघा, सगळी पत्रं आणि जोडपत्रं उतरवून घ्या, छापा, आणि प्रत्येकावर तारीख-वेळ लिहा. मग त्याच मेलवरून दोन ओळींचं उत्तर पाठवा की पत्र मिळालं, यापुढे या दुसऱ्या पत्त्यावरही कळवावं. एवढ्यानं पुढचे अर्धे घोळ टळतात.

सॅम्पल ए आणि बी अशा दोन बाटल्यांत ठेवतात, आधी ए तपासतात. पहिलं पत्र 'तुझ्या ए सॅम्पलमध्ये अमुक सापडलं' एवढंच सांगतं आणि बी सॅम्पल उघडायचं का, काही खुलासा आहे का, हे विचारतं. दुसरं पत्र म्हणजे आरोपपत्र. घरोघरी या दोन्हींचा गोंधळ होतो. पहिल्या पत्राला चार पानी रडगाणं लिहून पाठवतात, ज्यात घाबरून काहीतरी कबूल केलेलं असतं किंवा काहीतरी ठोकून दिलेलं असतं, आणि पुढे सुनावणीत तेच कागद समोर येतात. पहिल्या पत्राला जेवढं विचारलं तेवढंच, दिलेल्या मुदतीत कळवायचं. जास्त वेळ हवा असेल तर कारण देऊन लेखी मागायचा.

आता तो फॉर्म. सॅम्पल देताना डोपिंग कंट्रोल फॉर्म भरतात आणि त्याची एक प्रत खेळाडूला मिळते. ती कुठे आहे? स्पोर्ट्स बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, घामट निकॅपखाली चुरगळलेली सापडते, नाहीतर मैदानावरच टाकून दिलेली असते. ती प्रत म्हणजे निम्मं प्रकरण. तिच्यावर मागच्या ७ दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहायला जागा असते. पोरानं तिथं पावडरचं, सिरपचं नाव लिहिलं असेल तर तो लपवत नव्हता हे दिसतं. कोरं सोडलं असेल, आणि घाईत, दमलेल्या अवस्थेत पोरं कोरंच सोडतात, तर तेही आत्ताच माहीत असलेलं बरं. त्याच फॉर्मवर सॅम्पल घेण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार लिहायची जागा असते. तिथं काही न लिहिता सही केली असेल तर 'बाटली उघडी होती', 'माणूस बाहेर गेला होता' हे महिनाभरानं आठवण्याला फार वजन राहत नाही.

"सॅम्पल बदललं असणार" हे घरातलं आवडतं वाक्य असल्यानं ते घेतात कसं तेही बघून ठेवा. निदान तीन सीलबंद भांड्यांतून एक खेळाडू स्वतः निवडतो. त्याच लिंगाच्या अधिकाऱ्यासमोर, थेट नजरेखाली, किमान ९० मिली लघवी द्यावी लागते. मग किट निवडायचं, त्यात कोड नंबर असलेल्या दोन बाटल्या. खेळाडू स्वतःच बीच्या बाटलीत किमान ३० मिली आणि एच्या बाटलीत किमान ६० मिली ओततो, झाकण स्वतः पिळतो. ते झाकण एकाच दिशेनं फिरतं, फोडल्याशिवाय उघडत नाही. नंबर फॉर्मवर लिहून सही. खेळाडू अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस ठेवता येतं. बी सॅम्पल उघडायला स्वतः किंवा प्रतिनिधी हजर राहू शकतो. ते मागायचा हक्क जरूर आहे, पण खर्च आपला आणि निकाल बदलण्याची शक्यता फारच थोडी. पोरानं इंजेक्शन घेतल्याचं स्वतःच सांगितलं असेल तर त्या पैशांत वकिलाची एक बैठक होते.

मात्र पोरगं हे सांगणार कधी आणि कोणाला? इथं बहुतेक बाबा कमी पडतात. "खरं सांग, काय घेतलंस?" हा प्रश्न पट्टा हातात घेतल्यासारखा विचारला की उत्तर एकच येतं, "काही नाही." शिवाय शेजारी कोच सर बसलेले असतात. कोचला उठवा. सर कितीही देवमाणूस असले तरी या खोलीत त्यांचं हित आणि पोराचं हित एक असेलच असं नाही. खेळाडू १६ वर्षांखालचा असेल, किंवा १८ खालचा असून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खुल्या, म्हणजे वयाची अट नसलेल्या, गटात खेळलेला नसेल, तर आजूबाजूच्या माणसांची चौकशी नियमानंच होते. सरांना हे माहीत असतं. एक कोरी वही घ्या, सॅम्पलच्या तारखेपासून मागे तीन महिने दिवसवार पानं करा, आणि फक्त पोटात किंवा अंगात काय गेलं ते विचारा. कोणी दिलं, का घेतलं हे नंतर.

शोध कुठे कुठे घ्यायचा हे स्थानिक माणसालाच कळतं. दिल्लीच्या वकिलाला 'ताकदीचं सलाईन' काय ते माहीत नसतं. आपल्याकडे पोरगं स्पर्धेहून दमून आलं की आई दवाखान्यात नेते आणि डॉक्टर बाटली लावतात. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेतून देणं बंदी असलेल्या पद्धतींत मोडतं, बाटलीत नुसतं मीठ-पाणी असलं तरी. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी हे अपवाद. साध्या दवाखान्यात कॉटवर पडून घेतलेली अर्ध्या लिटरची बाटली या अपवादात बसवणं कठीण.

मग खोकल्याचं सिरप. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या बऱ्याच सिरपांत श्वासनलिका मोकळं करणारं टर्ब्युटालीन असतं आणि ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदीत आहे. सिरपातलं सालब्युटामॉल हे दम्याचं औषधही चालत नाही. पंपातून ओढलेलं चालतं, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत. पृथ्वी शॉ १९ वर्षांचा असताना, फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला दिलेल्या सॅम्पलमध्ये टर्ब्युटालीन सापडलं. खोकल्याचं औषध घेतलं होतं हे सरळ सांगितलं, ते मानलं गेलं, आणि ८ महिन्यांची, तीही मागच्या तारखेपासून धरलेली, बंदी झाली. खरं कारण लवकर सांगण्याचा फायदा मराठी घरांना समजावायला याच्याइतकं जवळचं उदाहरण नाही.

गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन हाडांच्या डॉक्टरांना अगदी किरकोळ वाटतं. १ जानेवारी २०२२ पासून या जातीचं स्टेरॉइड, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड, कुठेही टोचलेलं असलं तरी स्पर्धेच्या काळात बंदीत आहे. सांध्यात दिलं तर ३ दिवस आधी थांबायचं, औषध ट्रायमसिनोलोन असेल तर १० दिवस. तेच ट्रायमसिनोलोन कमरेत, म्हणजे स्नायूत, दिलं असेल तर ६० दिवस. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं पूर्ण नाव नसेल तर आजच जाऊन लिहून आणा. हे मागच्या तारखेचं काम नव्हे, जे खरंच दिलं त्याची नोंद मागणं आहे, आणि तो तुमचा हक्क आहे.

कुस्तीतल्या पोराला वजन तोडायला दिलेली लघवीची गोळी विचारा. फ्युरोसेमाइड बंदीत आहे. कबड्डी, कुस्ती, जिम या तिन्हीकडे फिरणारं मेफेंटरमिनचं इंजेक्शन तर खास विचारा. भूल देताना रक्तदाब पडला तर वापरायचं हे औषध पोरं सरावाआधी शिरेत घेतात. पुण्यात पोलिसांनी असे साठे पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. वाडाच्या यादीत ते कडक गटात आहे. "बीपीचं औषध आहे, स्टेरॉइड थोडंच आहे" हा बचाव तिथं चालत नाही.

शेवटी डब्बा. तालमीत राहणाऱ्या पोराला घरून महिन्याला खुराकाचे पैसे जातात. बदाम, दूध, तूप, मटण यांचे म्हणून पाठवलेल्या पैशांतून पावडरचा डब्बा येतो, जिमच्या ट्रेनरकडून, रोखीनं, बिलाशिवाय. 'आयुर्वेदिक' लिहिलेल्या चाटणाचंही तेच. पावडर भेसळीची होती असं म्हणायचं असेल तर तेवढ्या बोलण्यानं होत नाही. उरलेला डब्बा आहे तसा झाकण लावून, पिशवीत घालून ठेवा, कोणी त्यात चमचा घालू नका. डब्ब्याच्या बुडावरचा बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक यांचे स्पष्ट फोटो काढा. त्याच बॅचचा दुसरा, न उघडलेला डब्बा बिलासह विकत घेऊन ठेवा, कारण उघडलेल्या डब्ब्यात नंतर काहीही मिसळता येतं हे पॅनेललाही कळतं. यूपीआयनं पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराचा उतारा काढा. घरात रागानं पहिली फेकली जाते ती नेमकी हीच वस्तू. आई डब्बा उकिरड्यावर टाकते आणि वाटतं पीडा गेली.

"पण दोन महिने झाले होते घेऊन" हेही ऐकू येतं. तेलातल्या नँड्रोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचे अंश कित्येक महिने लघवीत येत राहतात. आणि सॅम्पल १० वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतं.

आता हिशोब, कारण निर्णय इथं घ्यायचा असतो. यादीतली औषधं ढोबळमानानं दोन गटांत आहेत. स्टॅनोझोलोल आणि मेथँडिएनोन ही स्टेरॉइडं, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ, मेफेंटरमिन हे नॉन-स्पेसिफाइड, म्हणजे कडक गट. यांना सुरुवातच ४ वर्षांपासून, तात्पुरतं निलंबन सक्तीचं, आणि 'मुद्दाम घेतलं नाही' हे खेळाडूनं सिद्ध करायचं. केलं तर २ वर्षं, चूक फारच थोडी होती हे पटवलं तर त्यातलं आणखी अर्ध्यापर्यंत कमी. फ्युरोसेमाइड, टर्ब्युटालीन हे स्पेसिफाइड, म्हणजे सौम्य गट. यांना २ वर्षांपासून सुरुवात, मुद्दाम घेतल्याचं नाडानं सिद्ध करायचं, आणि चूक किरकोळ ठरली तर नुसत्या ताकिदीपर्यंत खाली येतं. भेसळीचा डब्बा सिद्ध झाला तरी हीच सवलत. वर सांगितलेल्या, १६ किंवा १८ खालच्या मुलांनाही. गांजा किंवा कोकेन स्पर्धेबाहेर, खेळाशी संबंध नसताना घेतलं हे दाखवता आलं तर ३ महिने, आणि उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला तर १ महिना.

आरोपपत्रात ४ वर्षांची मागणी असेल तर ते मिळाल्यापासून २० दिवसांत गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य केले की एक वर्ष कमी होतं. ३ वर्षं. मात्र त्यानंतर दुसरी कुठलीही घट मिळत नाही. हे २० दिवस बहुतेक घरांत दिल्लीच्या ओळखी शोधण्यात, देवळात नारळ फोडण्यात आणि 'आपला पोरगा असं करूच शकत नाही' हे एकमेकांना सांगण्यात जातात. एकविसाव्या दिवशी वकील सापडतो. आमचं मत स्पष्ट आहे: पोरानं इंजेक्शन घेतल्याचं वहीत लिहिलेलं असेल, बिल नाही, सीलबंद डब्बा नाही, तर ३ वर्षांवर सही करा. १९ व्या वर्षी लागलेली बंदी २२ ला संपते. डब्बा, बिल, प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात असेल तरच लढा. देणाऱ्याचं नाव आणि उपयोगी पडेल अशी माहिती दिली तर बंदीचा तीन चतुर्थांशापर्यंत भाग स्थगित होऊ शकतो. पण ती नावं खरी लागतात आणि गावात त्याची किंमत मोजावी लागते, ते आधी घरात बोलून घ्या.

'सरांनी दिलं म्हणून घेतलं' हा बचाव किती टिकतो? २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार गुणिले चारशे रिलेचं सुवर्ण जिंकलेल्या संघातल्या मुली २०११ मध्ये स्टेरॉइडसाठी सापडल्या. परदेशी कोचनं आणून दिलेल्या जिनसेंग या ताकदीच्या मुळीतून ते गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. इथल्या पॅनेलनं १ वर्षाची बंदी दिली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटना अपिलात गेली आणि जुलै २०१२ मध्ये लवादानं ती २ वर्षांची केली. अंगात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची, कोच कोणीही असो.

आणि पळून जाण्याचा सल्ला कधीच देऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळताच खेळाडू गायब झाले आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. सॅम्पल चुकवण्याची बंदीही ४ वर्षांचीच आहे.

सुनावणी तीन जणांसमोर होते. त्यात कायद्याचा, वैद्यकीय आणि खेळाचा अशी माणसं असतात. कामकाज इंग्रजी-हिंदीत चालतं. पोराला दोन्हींत धड बोलता येत नसेल तर दुभाष्या मागायचा हक्क आहे. तो आधी लेखी मागा, कोण आणि खर्च कोणाचा हे पॅनेल ठरवतं. बाबांनी मध्ये बोलायचं नाही. "साहेब, गरीब घरचा पोरगा आहे" याचं पॅनेलला वाईट वाटतं, पण ते निकालात लिहिता येत नाही. निकाल पटला नाही तर तो मिळाल्यापासून २१ दिवसांत अपील.

घरातलं पथ्य वेगळं. निलंबित खेळाडूंची नावं नाडा संकेतस्थळावर टाकते, म्हणजे बातमी गावात पोचणारच. चौकातला फ्लेक्स अजून लटकत असेल तर तो दिवसा, लोकांसमोर फाडू नका. रात्री उतरवून घडी करून ठेवा. पहिले दोन आठवडे पोराला होस्टेलवर किंवा तालमीत एकटं झोपू देऊ नका. जेवत नाही, फोन उचलत नाही, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला तर वाट बघत बसू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. परीक्षा चुकवू नका. ही बंदी खेळाची असते, विद्यापीठाच्या परीक्षेची नाही. स्टेरॉइड घेतलं असेल तर एकदा एमडी डॉक्टरांना दाखवून यकृत, साखर, लिपिड आणि हार्मोनच्या तपासण्या करून घ्या. रक्तदाब आणि यकृताचा त्रास गोळ्या बंद केल्यावरही निघतो, आणि अचानक बंद केल्यावर मन खचतं ते औषधाच्या ओढीनंही असतं, नुसत्या लाजेनं नाही.

पदक आणि बक्षिसाची रक्कम परत मागितली जाईल, ती बाजूला काढून ठेवा. सॅम्पलच्या तारखेनंतर मिळवलेले निकालही साधारणपणे रद्द होतात. म्हणून त्या काळातलं प्रमाणपत्र ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या नोकरीसाठी पडताळणीला पाठवू नका. डोपिंगचं प्रकरण निस्तरता येतं, पण बाद झालेलं प्रमाणपत्र चांगलं म्हणून दिल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

बंदीच्या काळात संघटनेशी जोडलेल्या कुठल्याही क्लबचा, शिबिराचा, विद्यापीठाच्या संघाचा सराव बंद. खेळाडू म्हणून नाही, मॅनेजर म्हणून नाही, पंच म्हणूनही नाही. "जत्रेतली कुस्ती आहे, कोण बघतंय" असं म्हणून आखाड्यात उतरवू नका. ती संलग्न संघटनेची निघाली आणि कोणी मोबाइलवर काढली तर मूळ बंदीइतकीच नवी बंदी शेवटी जोडली जाऊ शकते. एकट्यानं रस्त्यावर, टेकडीवर, घरच्या ओसरीवर मेहनत करायला कोणी अडवत नाही. नाडाची माणसं मात्र या काळातही सॅम्पल घ्यायला येऊ शकतात, तेव्हा पत्ता बदलला तर कळवा. संघासोबत सरावाला परतायचं ते शेवटचे २ महिने, किंवा एकूण बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा, यातलं जे कमी असेल तेवढे दिवस आधी. तात्पुरत्या निलंबनाचा काळ पाळला असेल तर तो बंदीत धरला जातो, म्हणून मोजणी निकालाच्या तारखेपासून करू नका. निलंबनाच्या पत्राची तारीख घ्या, तिथून पुढे मोजा, आणि परतीच्या दिवसाआधी नाडाकडून तो दिवस लेखी मागवून घ्या.